कापलेलं मुंडकं आणि तांब्याचा पत्रा

जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात एक छोटंसं चित्र आहे, साधारण 52 बाय 43 सेंटिमीटरचं. अंधारातून पुढे आलेला एक तरुण, खांद्यापर्यंत रुळणारे केस, अंगात चिलखत, कपाळावर आठी. व्हेनिसचा चित्रकार जॉर्जोने याने काढलेलं हे त्याचं स्वतःचं चित्र मानतात. ‘मानतात’ म्हणते, कारण अभ्यासकांचं त्यावर अजून पुरतं एकमत नाही. फोनवर उघडून बघा. तुम्हाला दिसेल तो एक रुसलेला, हुशार, थोडा माजोरी मुलगा. जॉर्जोने 1510 मध्ये प्लेगने गेला, तरुणपणीच गेला, हे ठाऊक असेल तर त्या आठीला आणखी धार येते. ‘शापित कलावंत’ या आपल्या लाडक्या कल्पनेत हा चेहरा अगदी चपखल बसतो.

अडचण एवढीच, की या चित्राचा खालचा भाग कुणीतरी कापून टाकलेला आहे. आणि त्या भागात एक मुंडकं होतं.

हे आपल्याला कळतं ते एका छापील चित्रामुळे. 1650 साली वेन्सेस्लाउस हॉलर नावाच्या माणसाने हे चित्र बघून त्याचं एचिंग केलं. तेव्हा मूळ चित्र अँटवर्पमध्ये व्हान व्हेर्ले यांच्या संग्रहात होतं. एचिंगमध्ये तोच तरुण आहे, तेच केस, तेच चिलखत, आणि त्याच्यापुढे खाली गल्याथचं धडावेगळं डोकं. म्हणजे हा मुलगा रुसलेला वगैरे नाही. हा बायबलमधला दावीद आहे. त्याने नुकताच एका राक्षसी माणसाचा जीव घेतलाय आणि ते डोकं आपल्यापुढे धरलंय. आता पुन्हा त्या आठीकडे बघा. चेहऱ्यातली एक रेषही बदललेली नाही, पण अर्थ पार बदलला. फोटो क्रॉप केला की काय होतं हे आपण रोज बघतो. इथे ते कातरीने झालंय, आणि पुढे कित्येक प्रेक्षकांनी क्रॉप केलेला चेहराच पूर्ण चेहरा समजून बघितलाय.

या एचिंगबद्दल मला जे म्हणायचंय ते जरा विचित्र आहे. चित्राचा अनुवाद म्हणून बघितलं तर हॉलरच्या कामातल्या कच्च्या कामांपैकी हे एक आहे. आणि तरी त्याच्या सगळ्या व्यक्तिचित्रांत आपल्याला सगळ्यात जास्त गरज याचीच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते कळायला आधी पत्र्यावर काय घडतं ते बघावं लागेल.

तांब्याचा एक गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण, राळ वगैरेंचा पातळ लेप द्यायचा, धुराने तो काळा करायचा. मग सुईने त्या लेपावर चित्र काढायचं. सुई तांब्यात घुसवायची नसते, नुसता लेप खरवडायचा असतो, म्हणून हात कागदावर पेन चालावं तसा चालतो. नंतर पत्रा ॲसिडमध्ये. जिथे लेप गेलाय तिथे ॲसिड तांबं खातं. ज्या रेषा फिक्या ठेवायच्या त्या थोड्या वेळाने झाकून टाकायच्या आणि पत्रा पुन्हा बुडवायचा. जितका वेळ जास्त, तितकी रेषा खोल आणि छापल्यावर तितकी काळी. शेवटी लेप काढायचा, शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून रुळाखालून काढायचा. चित्र उलटं उमटतं, आरशातल्यासारखं. सुलटं हवं असेल तर पत्र्यावर आधीच उलटं काढावं लागतं. पॅरिसमध्ये अब्राहम बॉस याने 1645 मध्ये या सगळ्यावर एक सविस्तर पुस्तिकाच छापली होती, म्हणजे हॉलर ऐन कामात होता तेव्हा.

यात कुठेही रंग नाही. करडा रंगसुद्धा नाही. आहे फक्त काळी रेघ आणि रेघांमधला मोकळा कागद. सावली हवी असेल तर रेघा जवळ आणायच्या, आणखी गडद हवी असेल तर एकमेकींवर आडव्या टाकायच्या. आता विचार करा, या अवजारांनी जॉर्जोने कसा काढायचा? त्याची सगळी कमाल अशी, की चेहऱ्याला कडच नसते. गाल कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो ते बोट ठेवून सांगता येत नाही. हॉलरला मात्र बोट ठेवावंच लागतं, कारण सुई कुठेतरी टेकवल्याशिवाय रेघ येत नाही. त्यामुळे त्याच्या एचिंगमध्ये अंधार विणलेल्या कापडासारखा दिसतो. दावीदचा चेहरा नीट आहे, स्वच्छ आहे, आणि त्यातली भीती गेलेली आहे. मूळ चित्रात अंधारातून कुणीतरी आपल्याकडे बघतं. एचिंगमध्ये कुणीतरी आपल्यासाठी बसलेलं असतं.

हेच हात होल्बाइनसमोर आले की काय करतात ते बघण्यासारखं आहे.

त्यासाठी हॉलर होता कोण हे थोडं सांगते. जन्म प्रागचा, 1607 चा. विशीत घर सोडलं, जर्मन शहरांतून काम करत हिंडला. 1636 मध्ये इंग्लंडचा अर्ल ऑफ अरुंडेल सम्राटाकडे वकिलातीवर निघाला होता, त्याने कोलोनमध्ये हॉलरला सोबत घेतलं. अरुंडेलने आपल्या हस्तकाला पत्रात कळवलं, की चित्रं काढणारा आणि ‘तीव्र पाण्या’ने एचिंग करणारा एक चलाख माणूस मिळालाय. हे तीव्र पाणी म्हणजे ॲसिड. अरुंडेल हा त्या काळातल्या इंग्लंडमधला सगळ्यात झपाटलेला संग्राहक होता आणि होल्बाइन हे त्याचं खास वेड. आठव्या हेन्रीच्या दरबारातली माणसं, त्यांच्या बायका, डॉक्टर, व्यापारी असे होल्बाइनने रंगवलेले चेहरे शंभर वर्षांनी अरुंडेलच्या भिंतीवर जमले होते. मग यादवी युद्ध आलं. 1642 मध्ये अरुंडेलने इंग्लंड सोडलं आणि 1646 मध्ये तो इटलीत पादुआला वारला. हॉलर 1644 मध्ये अँटवर्पला गेला आणि 1652 पर्यंत तिथेच राहिला. अरुंडेलच्या चित्रांवरून केलेली त्याची बरीचशी एचिंग्ज याच अँटवर्पच्या वर्षांतली आहेत, म्हणजे मालक परागंदा, संग्रह फुटायच्या मार्गावर, अशा काळातली. त्यांच्या तळाशी लॅटिनमध्ये लिहिलेलं असतं: हे होल्बाइनने रंगवलं, हे हॉलरने केलं, अरुंडेलच्या संग्रहातून. एका घराचं सामान रस्त्यावर येण्याआधी कुणीतरी प्रत्येक वस्तूची नोंद करत बसावं, तसं हे काम वाटतं.

यातलं 1648 चं डॉ. जॉन चेंबर्सचं एचिंग घ्या. चेंबर्स आठव्या हेन्रीचा वैद्य. मूळ चित्र आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी उघडून ताडून बघता येतात. ऐंशी ओलांडलेला म्हातारा, काळी टोपी, जड पापण्या, फरचा अंगरखा. होल्बाइन मुळातच रेषेचा माणूस. त्याच्या चेहऱ्यांना कड असते, सुरकुती कुठे वळते ते ठरलेलं असतं. त्यामुळे हॉलरच्या सुईला धरायला काहीतरी सापडतं. पापणीचा जडपणा तो उचलतो, ओठांची घट्ट मिटलेली रेघ उचलतो. आणि फर! फरसमोर हॉलर जे करतो ते त्याच्या आधी-नंतर फार कुणाला जमलेलं नाही. आखूड, सुट्या, दिशा बदलत जाणाऱ्या रेघा, आणि मधे कागद इतका नेमका मोकळा सोडलेला, की ती लव बोटाला लागेल असं वाटतं. नुसत्या फरच्या हातमोजांच्या, म्हणजे थंडीत दोन्ही हात आत घालून बसायच्या गुंडाळ्यांच्या, त्याने स्वतंत्र एचिंग्ज केली आहेत. त्यात माणूसच नाही. 1647 च्या एका पत्र्यावर टेबलावर नुसते मफ, पंखा आणि हातमोजे पडलेले आहेत, आणि मला ते त्याच्या निम्म्याअधिक व्यक्तिचित्रांपेक्षा जिवंत वाटतात.

इथेच माझी तक्रार. हॉलरला वस्तू जितक्या कळतात तितकी माणसं कळत नाहीत. त्याने केलेले दहा-बारा चेहरे ओळीने बघा. ड्युररचं 1498 चं आत्मचित्र, ड्युररच्या वडिलांचं चित्र, होल्बाइनच्या बायका, व्हेनिसचे तरुण. थोड्या वेळाने लक्षात येतं, की सगळ्यांच्या नजरेत एक सारखाच सौम्यपणा आलाय. ड्युररचं ते आत्मचित्र म्हणजे आत्मविश्वासाचा कळस: सव्वीस वर्षांचा पोरगा सरदाराच्या थाटात, हातमोजे घालून, केसांची एकेक बट सोन्यासारखी रंगवून बसलाय. न्यूरेंबर्ग शहराने हे चित्र 1636 मध्ये अरुंडेलच्या हस्ते इंग्लंडच्या राजाला भेट दिलं होतं. राजाचा शिरच्छेद झाल्यावर ते विकलं गेलं आणि आज माद्रिदमध्ये आहे. हॉलरच्या एचिंगमध्ये बटा सगळ्या आहेत. मिजास मात्र नाही.

याच काळात, याच प्रकारच्या चित्रांसमोर उभा राहिलेला दुसरा एक एचिंगवाला बघितला की हा फरक लख्ख दिसतो. 1639 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला एका लिलावात राफाएलने काढलेलं कास्तिल्योनेचं व्यक्तिचित्र विकलं गेलं. तेव्हा रेम्ब्रांट तिथे होता. त्याने पेनने भरभर त्याचं रेखाटन केलं आणि कडेला किंमतही टिपली: 3500 गिल्डर. (भाव लिहून ठेवणारा रेम्ब्रांट मला फार आवडतो.) ते चित्र ज्याने घेतलं, त्या आल्फोन्सो लोपेसकडे तिशियनचंही एक व्यक्तिचित्र होतं. फुगीर निळ्या बाहीचा दाढीवाला माणूस, दगडी कठड्यावर हात टेकून खांद्यावरून आपल्याकडे बघणारा. त्याच वर्षी रेम्ब्रांटने एक एचिंग केलं. त्यात दगडी कठड्यावर हात टेकून, तिरकी टोपी घालून, खांद्यावरून आपल्याकडे बघतोय तो स्वतः रेम्ब्रांटच. तिशियनची बैठक घेतली, राफाएलची टोपी घेतली, चेहरा मात्र आपला बसवला. पुढच्या वर्षी तेच रंगातही काढलं, आणि आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत तिशियनचं ते चित्र आणि रेम्ब्रांटचं हे, दोन्ही आहेत.

तुलना केली तर कोण मोठा हा प्रश्नच उरत नाही. रेम्ब्रांट. पण एक गोष्ट करून बघा. समजा तिशियनचं चित्र उद्या जळून गेलं. रेम्ब्रांटच्या एचिंगवरून ते कसं होतं हे तुम्हाला कळेल का? बैठक कळेल, बाकी काही नाही. बाही नाही, रंगाचा पोत नाही, त्या माणसाचा चेहरा तर अजिबात नाही. रेम्ब्रांट इतका भरलेला आहे की दुसऱ्याला जागाच देत नाही. हॉलर बरोबर उलटा. त्याच्याकडे स्वतःचं असं लादण्यासारखं फार काही नव्हतं, म्हणून समोरचं जसंच्या तसं पत्र्यावर उतरायला मोकळीक मिळाली. त्याच्या चेहऱ्यांचा तो सपाट सौम्यपणा ही चित्रकार म्हणून त्याची मर्यादा आहे. साक्षीदार म्हणून ती त्याची लायकी आहे.

साक्षीदार म्हटलं की उलटतपासणीही आलीच. जॉर्जोनेच्या एचिंगखाली इटालियनमध्ये लिहिलंय, की हे जॉर्जोनेचं खरं व्यक्तिचित्र, त्याने स्वतः काढलेलं, ज्याची वाखाणणी वासारीच्या पुस्तकात आहे. आता वासारीचं ते पुस्तक, चित्रकारांची चरित्रं, सगळ्या संग्राहकांच्या घरी असायचं. 1568 च्या आवृत्तीत वासारी व्हेनिसच्या ग्रिमानी घराण्याकडच्या एका चित्राबद्दल सांगतो: दावीद, खांद्यापर्यंत केस, चिलखत, हातात गल्याथचं डोकं, आणि लोक म्हणतात तो खुद्द जॉर्जोने. ग्रिमानींच्या 1528 च्या यादीतही दावीद-गल्याथ रूपातल्या जॉर्जोनेच्या आत्मचित्राची नोंद आहे. मग शंका घ्यायलाच हवी. आपल्याकडचं चित्र म्हणजे पुस्तकातलं तेच, असं जगाला सांगण्यात मालकाचा सरळ फायदा होता. चित्राचा भाव वाढतो. एचिंगच्या शंभर प्रती निघणार, शंभर घरी जाणार; याहून चांगली जाहिरात कुठली? ‘खरं’ हा शब्द मुद्दाम लिहावा लागतो तेव्हा कुणीतरी ‘खोटं’ म्हणतंय असं समजायला हरकत नाही.

तर मग ते मुंडकं? पुस्तकात आहे म्हणून हॉलरने पदरचं तर घातलं नसेल?

मला तसं वाटत नाही, आणि कारण डॉ. चेंबर्स. जिथे मूळ चित्र आपल्याकडे आहे तिथे हॉलर कसा वागतो, हे तपासता येतं. तो गोष्ट रंगवून सांगत नाही. फर असेल तर फर, सुरकुती असेल तर सुरकुती. नाट्य वाढवायची त्याला हौस नाही. उलट असलेलं नाट्यही त्याच्या हातून थोडं विरतं. अशा माणसाने एकाएकी एक रक्ताळलेलं डोकं कल्पनेने रचून घातलं असेल, हे त्याच्या स्वभावातच बसत नाही. खालच्या ओळीतल्या ‘खरं’ या शब्दावर माझा विश्वास नाही, तो मालकाचा शब्द आहे. रेघांवर आहे. एकाच कागदावर भाडोत्री वाक्य आणि प्रामाणिक चित्र शेजारी असू शकतात.

मुद्राचित्रांच्या अभ्यासात मात्र अशा कामाला फार काळ दुय्यम मानलं गेलं. व्हिएन्नाच्या आडाम बार्च याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी जंगी सूची केली, ती मुख्यतः स्वतःच्या कल्पनेने एचिंग करणाऱ्या चित्रकारांची. दुसऱ्याच्या चित्रावरून करणारे ते कारागीर, असा भेद त्यातून घट्ट झाला. आपल्याकडे अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर टाकायचं की आतल्या पानावर बारीक अक्षरात, यावर अजून वाद होतात, त्याच जातीची ही गोष्ट. गंमत म्हणजे त्या जुन्या एचिंग्जवर दोन्ही नावं असायची, ‘रंगवलं याने, केलं त्याने’, एकाच ओळीत, बहुतेकदा एकाच मापाच्या अक्षरात. इन्स्टाग्रामवर आपण मोनालिसा शेअर करतो तेव्हा तो फोटो कुणी काढला, कुठल्या उजेडात, रंग किती चढवले, हे कुठे लिहिलेलं असतं? पडद्यावरचा फोटो आपण चित्रच समजतो. एचिंग असा भ्रम होऊच देत नाही. रंग गेलेत, आकार बदललाय, हे ते पहिल्या नजरेतच कबूल करतं. मग जे उरलंय त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला आपण मोकळे असतो.

आणखी एक गोष्ट, जरा व्यावहारिक. हॉलरची कित्येक व्यक्तिचित्रं पोस्टकार्डच्या आसपासची आहेत. मोठं तैलचित्र फोनवर बघणं म्हणजे खिडकीतल्या फटीतून मिरवणूक बघणं. हॉलर मात्र फोनवर जवळजवळ मूळ मापात मावतो. टोरांटो विद्यापीठाच्या फिशर ग्रंथालयाने त्याच्या एचिंग्जचा मोठा संग्रह ऑनलाइन ठेवलाय, तिथे चेंबर्सच्या कॉलरपाशी दोन बोटांनी झूम करत जा. समकालीन जॉन ऑब्रीने लिहून ठेवलंय, की हॉलरला फार जवळचंच दिसायचं, आणि त्याच्या कामाची खरी पारख भिंगाशिवाय होत नाही. प्रकाशक त्याला तासाला चार पेन्स देत, आणि कुणी बोलायला आलं तर तो वाळूचं घड्याळ आडवं करून ठेवी, असंही सांगतात. त्याने सुमारे 2700 पत्रे केले आणि 1677 मध्ये लंडनमध्ये गरिबीत मेला. तासाचा हिशेब तुम्हीच करा.

सगळ्यात शेवटी मी नेहमी एका एचिंगवर येऊन थांबते. 1647 चं, होल्बाइनवरून केलेलं. खाली नाव आहे: हान्स, झ्युरिखचा सोनार. मूळ चित्रावर 1532 साल होतं, म्हणजे होल्बाइन दुसऱ्यांदा लंडनला आला त्या वर्षाचं. ते मूळ आज कुठेच नाही. चेंबर्ससारखं शेजारी ठेवून ताडायची सोय नाही, ब्राउनश्वाइगसारखा अर्धा तुकडाही उरलेला नाही. हान्सचा चेहरा आता फक्त हॉलरच्या रेघांत आहे. मी झूम करून त्याच्या डोळ्यांपाशी जाते. तिथे तोच ओळखीचा सौम्यपणा आहे. तो हॉलरचा, की हा सोनार खरंच असा शांत माणूस होता, हे त्या रेघा सांगत नाहीत.